एक ओळ तशीच ठेवा : मधुमक्याची बीजप्रक्रिया आणि तिची कसोटी

घणसोली गावात आज शेत दाखवा म्हटले तर बोट कोठे दाखवावे, हा प्रश्नच आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरण परिसरातील ९५ गावांच्या जमिनी संपादनाखाली आल्या आणि ठाणे खाडीच्या काठावरील भातखाचरांच्या जागी सेक्टर उभे राहिले. तत्पूर्वी या पट्ट्यातील गावांचे जीवन भात, मीठ आणि मासळी या तिन्हींवर उभे होते. येथील आगरी समाजाचे नावही ‘आगर’ म्हणजे मिठागर या शब्दाशी जोडले जाते. शेत गेले, तरी शेतीशी असलेले नाते सर्वस्वी तुटलेले नाही. निवासी शाळेत मुले ठेवणाऱ्या पालकांपैकी अनेकांची दोन-चार गुंठ्यांपासून दोन-चार एकरांपर्यंतची शेती आजही गावाकडे आहे. माजी विद्यार्थ्यांपैकीही काही जण नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी बांधावर जातात. त्यांच्यासाठी आणि विज्ञानाची पद्धत मुलांना हाताने शिकवू पाहणाऱ्या शिक्षकांसाठी हा लेख आहे.

विषय छोटा आहे. बाजारात ज्याला आपण स्वीट कॉर्न म्हणतो, त्या मधुमक्याचे बी पेरल्यावर काही दाणे उगवतच नाहीत, तर काही रोपे उगवून चार-आठ दिवसांत कोलमडतात. त्यावर उपाय म्हणून पेरणीपूर्वी बियाला औषध चोळतात. यालाच बीजप्रक्रिया म्हणतात. आपण वापरलेल्या बीजप्रक्रियेचा खरोखर उपयोग झाला की नाही, हे ओळखायचे कसे, एवढाच येथे प्रश्न आहे. प्रश्न छोटा असला तरी त्याच्या उत्तरावर शेतकऱ्याचा हंगाम, त्याचा पैसा आणि औषध हाताळणाऱ्या माणसाचे आरोग्य अवलंबून असते.

मिठाच्या पाण्यातील बी

बियाची पारख ही आपल्या भागाला नवी गोष्ट नाही. भाताच्या बियाण्यासाठी कृषी खात्याची एक साधी शिफारस आहे. दहा लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवावे, म्हणजे तीन टक्क्यांचे द्रावण होते. त्यात बी ओतून ढवळावे. पोचट, रोगट आणि हलके दाणे वर तरंगतात, ते काढून टाकावेत. तळाशी बसलेले जड बी दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुवून सावलीत वाळवावे आणि मग त्याला बुरशीनाशक चोळावे. घाटावरील बाजरीसाठी हेच द्रावण वीस टक्क्यांचे, म्हणजे दहा लिटरला दोन किलो मिठाचे करतात, कारण तेथे अरगट रोगाच्या बुरशीच्या गाठी तरंगवून वेगळ्या करायच्या असतात. ज्वारीच्या दाणे काणीसाठी ३०० मेश गंधकाची भुकटी किलोला चार ग्रॅम या प्रमाणात चोळतात. पीक बदलले, रोग बदलला की उपायही बदलतो, हा पहिला धडा येथेच मिळतो.

आता भाताची हीच रीत मधुमक्याला लावली तर काय होईल? अतिगोड मधुमक्याचा वाळलेला दाणा मुळातच सुरकुतलेला आणि हलका असतो. मिठाच्या पाण्यात त्याचे चांगले बीही तरंगू शकते, आणि वर आले ते वाईट असे मानून आपण चांगलेच बी फेकून देऊ. भाताचे बी रात्रभर भिजवून रहू पेरण्याची सवय असलेल्या हातांनी मधुमक्याचे बीही तसेच पाण्यात बुडवले, तर कोरडा दाणा एकदम पाणी शोषतो, आतील पेशींची पातळ आवरणे फाटतात आणि गर्भाला इजा होते. अनुभव मोलाचा खरा, पण एका पिकाचा अनुभव दुसऱ्या पिकाला न तपासता लावला की तोच अनुभव नुकसान करतो.

गोडीची किंमत

मधुमक्याचे बी इतके नाजूक का असते? साध्या मक्याच्या दाण्यात साखरेचे रूपांतर स्टार्चमध्ये होते. स्टार्च हीच रोपाची शिदोरी. पहिली पाने फुटून स्वतःचे अन्न तयार करू लागेपर्यंत रोप तिच्यावर जगते. मधुमक्यात एका जनुकातील बदलामुळे हे रूपांतर अडते आणि दाणा गोड राहतो. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे जॉन लॉफनन यांनी १९५३ साली ‘आक्रसलेला दाणा’ या अर्थाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जनुकाचे हे वैशिष्ट्य जगापुढे मांडले आणि त्यातून आजचे अतिगोड वाण निघाले. रेल्वे स्थानकाबाहेर वाफाळत्या भांड्यातून जे गोड दाणे आपण विकत घेतो, त्यांची गोडी अशा जनुकांमुळेच असते.

मात्र तीच गोडी बियाला महागात पडते. स्टार्च कमी म्हणून शिदोरी कमी, शिदोरी कमी म्हणून उगवण सावकाश, आणि उगवण सावकाश म्हणून बी जमिनीत अधिक काळ रोगजंतूंच्या तावडीत. शिवाय दाण्याचे कवच पातळ असते, मळणीत त्याला सहज चिरा जातात आणि त्या चिरांतून साखर बाहेर झिरपते. जमिनीतील बुरशीला आणि मुंग्यांना हे जणू आमंत्रणच ठरते.

भाताची सवय असलेल्यांनी येथे आणखी एक फरक ध्यानात घ्यावा. भाताचे एखादे रोप मेले तर शेजारच्या चुडाला फुटवे येऊन जागा बरीच भरून निघते. मक्यात तसे होत नाही, तेथे मेलेल्या रोपाची जागा हंगामभर रिकामी राहते. साठ सेंटिमीटरच्या ओळीत वीस सेंटिमीटरवर एक रोप धरले, तर एका गुंठ्यात सुमारे ८४० रोपे बसतात. त्यांतील पाचवा हिस्सा मेला, तर एका रोपाला एक कणीस या हिशेबाने गुंठ्यामागे १६८ कणसे गेली. मागाहून नांगे भरले, तरी ती कणसे उशिरा तयार होतात. मधुमक्याची तोडणी दाणे दुधाळ असतानाच करावी लागते, त्यामुळे पुढे-मागे तयार झालेला माल एका खेपेत बाजारात नेता येत नाही.

शत्रू कोण आणि ते केव्हा बळावतात

बी कुजवणारे आणि रोप मारणारे रोगजंतू मुख्यतः तीन ठिकाणांहून येतात. फ्युजेरियमसारखी बुरशी बऱ्याचदा बियाच्या आतच असते, कारण ती कणसात असतानाच दाण्यात शिरते. पेनिसिलियम आणि अ‍ॅस्परजिलस या साठवणीतील बुरश्या दमट कोठारात बियावर वाढतात. पिथियम आणि रायझोक्टोनिया जमिनीत वाट पाहत असतात. यांपैकी पिथियम ही खऱ्या अर्थाने बुरशी नाहीच. ती पाण्यातील बुरशीसदृश जीवांच्या गटातील असून तिचे बीजाणू जमिनीतील पाण्यात पोहत मुळापर्यंत जातात. कोकणात भात काढल्यानंतर पाण्याची सोय असेल तेथे रब्बीत मधुमका घेतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने या पिकावर काम केले आहे. भाताच्या चिकण खाचरात ओल टिकून राहते, निचरा मंद असतो, आणि पिथियमला नेमके हेच हवे असते.

परंतु रोगजंतू आहे म्हणजे रोग होणारच, असे नाही. रोग होण्यासाठी नाजूक बी, जिवंत रोगजंतू आणि अनुकूल ओल-तापमान या तीन गोष्टी एकाच वेळी जुळून याव्या लागतात. वनस्पतिरोगशास्त्रात याला रोगाचा त्रिकोण म्हणतात. प्रतीत्यसमुत्पादाचा विचार ज्यांच्या कानावरून गेला आहे, त्यांना ही मांडणी परकी वाटणार नाही. कारणांच्या जुळणीतून कार्य घडते आणि त्यांतील एक कारण निघाले की कार्य थांबते. म्हणून बीजप्रक्रिया हा एकमेव उपाय नव्हे. पाण्याचा निचरा होईल असे सरी-वरंबे काढणे, बी तीन-चार सेंटिमीटरहून खोल न टाकणे आणि बियाणे कोरड्या जागी ठेवणे, हेही त्रिकोणाची एकेक बाजू मोडण्याचेच मार्ग आहेत. बियाणेशास्त्रात हॅरिंग्टन यांचा एक ठोकताळा प्रसिद्ध आहे. ठरावीक मर्यादेत बियातील ओलावा एक टक्क्याने कमी झाला की त्याचे आयुष्य साधारण दुप्पट होते. खाडीकाठच्या दमट हवेत उघड्या पिशवीत ठेवलेल्या बियाचे काय होत असेल, याची कल्पना यावरून यावी.

औषधे कोणती आणि ती काय करतात

थायरम हे बियाच्या पृष्ठभागावर राहून अनेक प्रकारच्या बुरशींना रोखते आणि त्याची शिफारस सामान्यतः किलोला तीन ग्रॅम अशी असते. कार्बेन्डाझिम रोपाच्या आत शिरते आणि फ्युजेरियमसारख्या बुरशींवर चालते, पण पिथियमवर ते निष्प्रभ आहे. उलट मेटॅलॅक्झिल पिथियम व केवडा यांच्या गटावरच चालते, इतर बुरशींवर नाही. बाजरीच्या गोसावी रोगासाठी किलोला सहा ग्रॅम मेटॅलॅक्झिल चोळण्याची शिफारस आपल्याकडील शेतकऱ्यांना परिचित आहे. ट्रायकोडर्मा ही स्वतः जिवंत बुरशी असून ती रोगकारक बुरशीशी जागेसाठी आणि अन्नासाठी झगडते, तिला वेढून मारतेही. तिचे प्रमाण साधारण किलोला चार-पाच ग्रॅम असते. मात्र कार्बेन्डाझिम लावलेल्या बियावर ट्रायकोडर्मा चोळणे म्हणजे पाहुण्याला घरी बोलावून विष देणे होय. एकाहून अधिक प्रक्रिया करायच्या असतील तर आधी बुरशीनाशक, नंतर कीटकनाशक आणि शेवटी जिवाणूसंवर्धक, असा क्रम सांगितला जातो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ‘मर लागली, औषध द्या’ अशी मागणी दुकानात करणे पुरेसे नाही. आपल्या शेतात पिथियम असेल आणि आपण कार्बेन्डाझिम चोळले असेल, तर पैसा गेला, विष जमिनीत गेले आणि रोप तरीही मेले. आणि योगायोगाने त्या वर्षी पाऊस लवकर उघडला, जमीन कोरडी राहिली आणि रोपे वाचली, तर श्रेय मात्र औषधाला मिळाले. हा भ्रम टाळायचा असेल, तर कसोटीच घ्यायला हवी.

कसोटीचा प्राण : न केलेली ओळ

अशी कसोटी पद्धतशीर घेणाऱ्या पहिल्या माणसांत फ्रान्समधील मॅथ्यू टिये यांचे नाव येते. गव्हाची काणी हवेतील धुक्यामुळे होते की खतामुळे, असे तर्क तेव्हा चालत. टिये यांनी शेताचे तुकडे पाडले. काहींत काणीची काळी भुकटी लावलेले बी पेरले, काहींत स्वच्छ बी, काहींत मीठ-चुन्याची प्रक्रिया केलेले बी, आणि फळ काय येते ते मोजले. भुकटी लावलेल्या बियाला रोग आला, प्रक्रिया केलेल्या बियात तो घटला. १७५५ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. रोगजंतूचे स्वरूप त्यांना कळले नव्हते, तरीही उपाय चालतो की नाही हे कळले, कारण तुलनेसाठी त्यांच्याकडे प्रक्रिया न केलेला तुकडा होता.

भगवान बुद्धांनी केसपुत्त नगरीच्या कालामांना जो उपदेश केला, तो अंगुत्तर निकायात आहे आणि आपल्या वाचकांना तो परिचित आहे. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून स्वीकारू नका. हितकर काय आणि अहितकर काय, ते स्वतः जाणा आणि मग आचरा. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात, म्हणजे ये आणि पाहा असे सांगणारा. तो उपदेश आचरणाविषयी आहे, बियाण्याविषयी नाही, याची जाणीव ठेवूनही असे म्हणता येईल की जो मुलगा आपल्या हाताने न केलेली ओळ पेरतो आणि ती मोजतो, तो ‘येऊन पाहणे’ म्हणजे काय हे शिकतो.

शाळेच्या आवारात करता येईल असा प्रयोग

या प्रयोगाला शेत लागत नाही, गच्चीचा एक कोपरा पुरतो. ज्या शेतात मका घ्यायचा आहे त्या शेतातील वरच्या थरातील माती पाच-सहा ठिकाणांहून घेऊन एकत्र मिसळावी. तिचे दोन भाग करावेत. एक भाग तसाच ठेवावा. दुसरा ओलसर करून झाकणाच्या जुन्या भांड्यात अर्धा तास चांगला वाफवावा आणि निवू द्यावा. हे भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये. वाफेने मातीतील रोगकारक बुरशी मरते. ठाणे जिल्ह्यातील शेतकरी भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतो, तेव्हा वरच्या थरातील तणाच्या बियांबरोबर काही रोगजंतूही जळतात. येथे तेच आपण मोजूनमापून करीत आहोत.

बियाचेही दोन भाग करावेत, एक प्रक्रिया न केलेला आणि दुसरा केलेला. विद्यार्थ्यांच्या प्रयोगात प्रक्रिया ट्रायकोडर्माचीच असावी. रासायनिक बुरशीनाशक मुलांच्या हाती देऊ नये. एखाद्या पालकाला आपल्या शेतासाठी रासायनिक औषध पारखायचे असेल, तर पेरणीच्या बियाला प्रक्रिया स्वतः हातमोजे व तोंडाला फडके बांधून करावी, त्यातील काही बी कसोटीसाठी बाजूला ठेवावे आणि त्या ट्रेंना मुलांनी हात लावू नये.

अशा रीतीने चार जोड्या होतात. वाफवलेल्या मातीत न केलेले बी, वाफवलेल्या मातीत केलेले बी, मूळ मातीत न केलेले बी आणि मूळ मातीत केलेले बी. प्रत्येक जोडीसाठी २५ दाण्यांचे चार ट्रे घ्यावेत. एकूण सोळा ट्रे, ४०० दाणे. बियाचे वजन शंभर ग्रॅमही भरत नाही.

दहा-वीस दाणे का पुरत नाहीत, हे मुलांना गणिताने दाखवता येते. समजा, बियाची खरी उगवण ८० टक्के आहे. तरीही २५ दाणे पेरले तर केवळ योगायोगाने कधी १६ उगवतील, कधी २४. म्हणजे एकच बी ६४ टक्क्यांचेही वाटेल आणि ९६ टक्क्यांचेही. शंभर दाण्यांत हा खेळ साधारण ७२ ते ८८ इतका आवरतो, चारशे दाण्यांत ७६ ते ८४ इतका. मुठीने पेरलेल्या दहा दाण्यांवरून औषधाची स्तुती किंवा निंदा करणे म्हणजे नाणे दोनदा उडवून त्याचा स्वभाव सांगण्यासारखे आहे.

ट्रे कोठे ठेवायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे. केलेल्या बियाचे ट्रे सावलीत आणि न केलेल्याचे उन्हात गेले, तर आपण औषध नव्हे, ऊन मोजू. ट्रेंवर नाव न लिहिता फक्त क्रमांक लिहावा, त्याची यादी शिक्षकांकडे असावी आणि मोजणाऱ्या मुलाला कोणता ट्रे कशाचा हे ठाऊक नसावे. आपल्याला हवे ते दिसण्याचा मोह मोठ्या माणसांनाही आवरत नाही. सर्व ट्रेंना पाणी एकाच मापाने द्यावे.

चौथ्या, सातव्या आणि चौदाव्या दिवशी मोजणी करावी. सातव्या दिवशी उभी असलेली रोपे चौदाव्या दिवशी कोलमडली असतील तर ती वेगळी नोंदवावीत, कारण उगवणीपूर्वी बी कुजणे आणि उगवणीनंतर रोप मरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शेवटी न उगवलेले दाणे उकरून पाहावेत. दाणा मऊ होऊन कुजला आहे, की कडक आहे तसाच आहे, की मुंग्यांनी पोखरून रिकामा केला आहे? मुंग्यांनी नेलेल्या दाण्याचा दोष बुरशीवर टाकून चालणार नाही.

चार आकड्यांचे वाचन

केवळ हिशेब समजावा म्हणून काही कल्पित आकडे घेऊ. वाफवलेल्या मातीत न केलेल्या शंभर बियांपैकी ८८ रोपे जगली, केलेल्या शंभरांपैकी ८७. मूळ मातीत न केलेल्यांपैकी ६१ जगली, केलेल्यांपैकी ७९. यांतून काय कळते? वाफवलेल्या मातीत दोन्ही बिया सारख्याच चांगल्या उगवल्या, म्हणजे बी मुळात सशक्त आहे आणि प्रक्रियेने त्याला इजा झालेली नाही. मूळ मातीत न केलेले बी २७ रोपांनी घसरले, म्हणजे दोष मातीतील रोगजंतूंचा आहे. प्रक्रियेने त्या २७ पैकी १८ रोपे वाचवली. सर्व वाचवली नाहीत, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. उरलेल्या नऊंसाठी निचरा सुधारावा लागेल.

आकडे निराळे आले असते तर अर्थही निराळा झाला असता. न केलेले बी दोन्ही मातींत सारखेच वाईट उगवले आणि प्रक्रियेनेही सुधारले नाही, तर बी जुने किंवा अशक्त आहे. औषध त्याला तारणार नाही, बी बदलावे. वाफवलेल्या मातीतही प्रक्रियेने उगवण वाढली, तर रोग बियाबरोबरच आला आहे. केलेले बी वाफवलेल्या मातीत न केलेल्यापेक्षा वाईट उगवले, तर औषध जास्त झाले आहे किंवा ते त्या बियाला मानवत नाही. आणि मूळ मातीतही दोन्ही सारखीच चांगली उगवली, तर या शेताला, या हंगामात, औषधाची गरजच नाही. हा शेवटचा निष्कर्ष सांगायला कोणीही दुकानदार आपल्या दारी येणार नाही. तो आपल्याला स्वतःच काढावा लागतो.

फरक खरा की योगायोगाचा, यासाठीही एक सोपी कसोटी आहे. मूळ मातीतील आठ ट्रे घ्या. समजा, न केलेल्या चार ट्रेंत १४, १५, १५ आणि १७ रोपे आहेत, केलेल्या चारांत १९, १९, २० आणि २१. केलेल्यांतील सर्वांत कमी ट्रेही न केलेल्यांतील सर्वांत चांगल्या ट्रेच्या वर आहे. आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७० आहेत. म्हणजे औषधाचा काहीच परिणाम नसता, तर नेमके हेच चार ट्रे वर येण्याची शक्यता ७० मध्ये १ इतकीच होती. ट्रेंचे आकडे एकमेकांत मिसळलेले असतील, तर निर्णयाची घाई न करता प्रयोग पुन्हा करावा. शेतीतील प्रयोगांचे हे गणित भारतीय कार्यकर्त्यांच्या हाती देण्याचे काम वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे यांच्या १९५४ च्या ग्रंथाने केले. त्यांतील सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे.

ट्रेकडून शेताकडे

ट्रेमधील निकाल हा शेतातील निकाल नव्हे. शेतात पाऊस, पक्षी, उंदीर आणि ढेकळे असतात. म्हणून पेरणीच्या वेळी पालकांनी निदान चार ठिकाणी एकेक ओळ न केलेल्या बियाची ठेवावी, तिच्या शेजारी केलेल्याची, दोन्हींच्या टोकाला काठी रोवावी आणि चौदाव्या दिवशी दोन्ही मोजाव्यात. चारही ओळी एकाच कडेला नकोत. बांधालगतची, मधली, सखल आणि उंच, अशा निरनिराळ्या जागी त्या असाव्यात.

येथे एक अडचण येते. बाजारातील संकरित मधुमक्याचे बियाणे बहुतेक वेळा प्रक्रिया करूनच आणि रंगवूनच मिळते. ते धुऊन ‘न केलेले’ करण्याचा प्रयत्न करू नये. औषध पूर्ण जात नाही आणि धुवण मात्र विषारी होते. अशा वेळी प्रश्नच बदलावा. ‘प्रक्रिया चालते का’ असे न विचारता ‘आणलेल्या बियावर मी वरून आणखी काही चोळले, तर त्याचा काही उपयोग होतो का’ असे विचारावे. पिशवीवरील पट्टी आधी वाचावी. बियावर कोणते औषध आहे हे तिच्यावर लिहिलेले असते. तेच औषध पुन्हा चोळण्यात अर्थ नाही.

विष आणि विवेक

१९७१-७२ च्या हिवाळ्यात इराकमध्ये जे घडले, ते बीजप्रक्रियेच्या इतिहासातील सर्वांत दुःखद प्रकरण आहे. दुष्काळानंतर पेरणीसाठी परदेशातून गहू आणि बार्ली मागवण्यात आली. बियाला पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेले होते आणि खुणेसाठी ते रंगवलेले होते. पोत्यांवरील इशारे स्पॅनिश आणि इंग्रजी भाषांत होते. अनेक ठिकाणी धान्य पेरणीची वेळ टळल्यावर पोहोचले. लोकांनी रंग धुतला, विष गेले असे मानले आणि त्या धान्याची भाकरी केली. ६,५३० माणसे रुग्णालयांत दाखल झाली आणि त्यांपैकी ४५९ दगावली. विष कोणालाच द्यायचे नव्हते, तरी ते भाकरीतून घरोघर पोहोचले. जे वाचता येत नाही, तो इशाराच नव्हे.

आपल्या देशातील १९६८ च्या बियाणे नियमांनुसार प्रक्रिया केलेल्या बियाण्याच्या पिशवीवर औषधाचे नाव आणि ‘खाण्यासाठी, जनावरांच्या खाद्यासाठी किंवा तेलासाठी वापरू नये’ अशी सूचना असावी लागते. आपल्या घरांत ही सूचना वाचून दाखवण्याचे काम बऱ्याचदा निवासी शाळेत शिकणारे मूलच करू शकते. उरलेले रंगीत बी कोंबड्यांना टाकू नये, स्वयंपाकघरात ठेवू नये, रिकामी पिशवी धुऊन धान्याला वापरू नये. बीजप्रक्रिया घरातील जुन्या पातेल्यात आणि उघड्या हातांनी करू नये. हे काम बहुधा घरातील स्त्रीकडे सोपवले जाते, म्हणून हातमोज्यांचा खर्च हा औषधाच्या खर्चाचाच भाग समजावा.

उपासकाने टाळावयाच्या पाच व्यापारांत विषाच्या व्यापाराचा समावेश आहे. मग बौद्ध विचाराने चालणाऱ्या घराने बियाला औषध लावावे की नाही, असा प्रश्न कोणी विचारील, आणि तो रास्त आहे. त्याचे उत्तर येथे एका शब्दात देणे धाडसाचे होईल. एवढे मात्र म्हणता येते की बियाला लावलेले काही ग्रॅम औषध पुढे संपूर्ण शेतावर करावी लागणारी फवारणी टाळत असेल, तर तो कमी हिंसेचा मार्ग असू शकतो. आणि ते काही ग्रॅमही अनावश्यक असतील, तर ते न वापरणे हाच विवेक. यांतील कोणती परिस्थिती आपल्या शेतात आहे, हे मोजल्यावाचून कळत नाही. म्हणून कसोटी घेणे हे केवळ काटकसरीचे काम राहत नाही, तर ते शीलाचेही काम होते.

घणसोलीच्या खाचरांत पुन्हा भात डोलणार नाही. पण येथे शिकलेले मूल सुट्टीत गावी जाऊन आपल्या आजोबांना म्हणू शकते, ‘आजोबा, यंदा चार ओळी तशाच ठेवू या. चौदाव्या दिवशी मी मोजीन.’ आजोबा कदाचित हसतील. तरीही त्या चार ओळी ठेवाव्यात, रोपे मोजावीत, आकडे वहीत लिहावेत आणि सुट्टी संपल्यावर वही शाळेत आणावी. चार वर्षांत निरनिराळ्या गावांच्या अशा वह्या जमल्या, तर आपल्या पालकांच्या जमिनींविषयी कोणत्याही माहितीपत्रकात नसलेले ज्ञान आपल्या शाळेच्या कपाटात असेल.